गंजाच्या काठावरचं नाव

केशरबाईचा कोणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ती कोणापासून लपवतही नसे. दुकानातून डाळ आणली की घरी येऊन आपल्या मापट्यानं ती पुन्हा मोजायची. शेणाच्या गोवऱ्या थापल्या की भिंतीवर कोळशानं तितक्या रेघा ओढून ठेवायची. कोणी ‘जयभीम मावशी’ जरा जास्तच गोड म्हटलं, की आधी त्याच्या हाताकडे बघायची. हातात कागद दिसला की संपलंच.

कागदाचं वावडं तिला माहेरातून मिळालं होतं. तिच्या बापानं कोण्या जुन्या काळी एका कागदावर अंगठा दिला होता. पाटलाच्या माणसानं सांगितलं होतं, पावती आहे. त्या पावतीसोबत वतनाचं चार एकर वावर गेलं, आणि बाप उरलेला जन्म स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसला. केशरबाईनं तेव्हाच ठरवलं, की कागद दोघांकडून वाचून घ्यायचा, दोघांना वेगवेगळं गाठून, एकाला दुसऱ्याचं न सांगता. दोघांचा अर्थ जुळला तर मग विचार करायचा. अंगठा तरीही द्यायचा नाही.

धावडखेडा हे किन्हीराजाच्या बाजारापासून दीड कोसावरचं गाव, आणि गावाच्या उगवतीला बौद्धांची वस्ती. तिथं दोन खणांचं मातीचं घर, वर टिनं, एवढी तिची इस्टेट. नवरा पुंजाजी वारून सहा वर्षं झाली होती. एकुलती लेक वच्छला अनसिंगला दिलेली. केशरबाई निंदण-खुरपणाला जायची, कापूस वेचायची, बहात्तरच्या दुष्काळात सडकेवर खडी फोडायला बसली होती. त्या दुष्काळात घरपट्टी कोणी मागितली नाही आणि कोणी भरलीही नाही. दोन वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं, तशी ग्रामपंचायतीला आठवण आली.

आठवण घेऊन आला तो मदनसिंग, पंचायतीचा चपराशी. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची वेळ. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, जरा पानी दे व.”

केशरबाईच्या कपाळाला तिथंच आठी पडली. या माणसानं जन्मात वस्तीतल्या घरचं पाणी ओठाला लावलं नव्हतं. विहिरीवरून वस्तीच्या बाया गेल्या की दोर धुवून घेणाऱ्यांतला तो. आज याला काहून तहान लागली? तिनं तांब्या भरून दिला. मदनसिंगनं तो हातात नुसता धरून ठेवला आणि डोळे घरभर फिरवले, कोपऱ्यातल्या गोणपाटावर जरा जास्त वेळ. मग तांब्या तसाच उंबऱ्यावर ठेवून खिशातून नोटीस काढली.

“तीन सालाची घरपट्टी हाय. अंगठा दे.”

“कोनाच्या नावानं हाय?”

“पुंजाजीच्या.”

“मंग त्याले नेऊन द्या,” केशरबाई म्हणाली. “नाल्यापाशी हाय थो, सा वर्सं झाले.”

मदनसिंगनं नोटीस खळीनं दाराला चिकटवली आणि गेला. केशरबाईनं आपल्या रिवाजाप्रमाणे ती आधी इंद्रभानकडून वाचून घेतली. इंद्रभान म्हणजे वस्तीतला मॅट्रिक झालेला पोरगेला माणूस, वस्तीच्या मंडळाचा चिटणीस, बोलण्यात थोडा ताठ. मग टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला दारात अडवून तीच वाचून घेतली. दोघांचा अर्थ जुळला. सात दिवसांत भरा, नाहीतर घरातली जंगम मालमत्ता जप्त होईल.

“जंगम म्हंजे काय?” तिनं इंद्रभानला विचारलं.

“जे हालते थे, मावशी.”

“मंग या घरात हालनारी मी एकलीच हावो,” ती म्हणाली. “न्या म्हना उचलून.”

तिला हसू आलं होतं, पण इंद्रभान हसला नाही. तोही कोपऱ्यातल्या गोणपाटाकडेच बघत होता.

गोणपाटाखाली गंज होता. तांब्याचा, मोठा, दीडशे माणसांचा भात एका वेळी शिजेल असा. त्याच्यासोबत एक कोपर, म्हणजे भात काढायची मोठी परात, आणि दोन झारे. गावची लग्नाची भांडी मारुतीच्या देवळात असत, पण ती वस्तीला कधी मिळाली नाहीत. वस्तीतली लग्नं तेलाच्या डब्यांत भात शिजवून लागायची, आणि पाहुण्यांच्या तोंडी तेलाचा वास यायचा. नागपूरची दीक्षा झाल्यावर वस्तीनं ठरवलं, की आपली भांडी आपण घ्यायची. केशरबाई तेव्हा तरणी होती. दोन वर्षं ती दर संध्याकाळी घरोघर फिरली आणि प्रत्येक बाईच्या मजुरीतल्या ज्वारीतली एक-एक मूठ गोळा केली. कोणाची मूठ लहान पडली तर पुन्हा भरायला लावली. ती ज्वारी विकून पुंजाजी आणि मंडळाचा तेव्हाचा म्हातारा अध्यक्ष वाशिमाला गेले, कासाराकडून गंज घेतला आणि काठावर नाव टाकून घेऊन आले. तेव्हापासून गंज केशरबाईच्या घरी. अशा संशयी बाईच्या घरात वस्तू सुरक्षित राहते, एवढं वस्तीला कळत होतं.

नोटिशीची बातमी फिरली तशी शेजारची भागिरथा धावत आली. तिच्या लेकीचं लग्न अवघ्या बारा दिवसांवर होतं.

“केशरबाई, गंज माया घरी ठेव व. जप्ती होऊन जाऊ दे, मंग आन.”

तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण केशरबाईला त्यातही काही दिसलं. आज हिच्या घरी गेला, उद्या पोचा पडला तर कोण सांगणार, कोणाच्या घरी पडला?

“चोरासारखा कायले न्याचा? त्याच्यावर नाव हाय मंडळाचं. चांगलं टोचून घेतेलं हाय. नाव पाहून कोन हात लावन?”

आता गंमत बघा. जगातल्या एकाही कागदावर जिचा भरवसा नव्हता, ती तांब्यावरच्या अक्षरांवर डोळे मिटून विसंबली. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आणि ती मात्र तिनं दोघांकडून वाचून घेतली नव्हती. घरधन्यानं टाकून आणलेलं नाव, ते कोणाला काय वाचायला लावायचं!

आठव्या दिवशी जप्ती आली. ग्रामसेवक, मदनसिंग, कोतवाल आणि दोन पंच. ग्रामसेवक अकोल्याकडचा होता, नवा, कामाला चोख आणि बोलायला सरळ. वस्ती दारात जमली. ग्रामसेवकानं घरात नजर टाकली आणि वही उघडली.

“बाई, रोजच्या स्वयंपाकाची भांडी, पाण्याची घागर, अंगावरचे कपडे, खुरपं-विळा, हे आम्ही उचलत नाही. तसा कायदा आहे. पण एका बाईच्या स्वयंपाकाला एवढा गंज लागत नाही.”

“थो माया नाई,” केशरबाई ठणकावून म्हणाली. “वस्तीचा हाय. काठावर नाव वाचा.”

ग्रामसेवकानं गंज उजेडात ओढायला लावला, रुमालानं काठ पुसला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचलं.

“केशरबाई पुंजाजी.”

केशरबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, “इंद्रभान, तू वाच.” इंद्रभान पुढं झाला, वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ होऊन तिच्याकडे न बघता म्हणाला, “तेच हाय. केशरबाई पुंजाजी. दुसरं काईच नाई.”

“तुमचं नाव केशरबाईच ना?” ग्रामसेवकानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वहीत लिहिलं. कोपर आणि झाऱ्यांवर नाव नव्हतं, ती त्यानं सोडली. कोतवालानं आणि मदनसिंगनं गंजाच्या कड्यांतून बांबू घातला आणि गंज उचलला. सात दिवसांनी लिलाव, असं सांगून माणसं निघून गेली.

वस्ती मात्र दारातून हलली नाही. भागिरथा पहिली बोलली, हळू आवाजात, आणि म्हणून ते जास्त लागलं. “म्हनून माया घरी ठेवू देल्ला नाई का व?”

आयुष्यभर तिनं दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती नजर आता सगळ्या वस्तीच्या डोळ्यांत होती आणि तिच्याकडे वळलेली होती. ती नजर अशी भाजते हे तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मंडळाची बैठक बसली. वर्गणी करून थकबाकी भरायची आणि गंज सोडवायचा, असं एक म्हातारा म्हणाला. इंद्रभाननं विचारलं, “सोडवू. पन कोनाचा गंज सोडवाचा? वस्तीच्या पैशानं केशरबाईचा गंज सोडवाचा का?” पुंजाजीसोबत वाशिमाला गेलेला अध्यक्ष केव्हाच मरून गेला होता. नाव टाकताना दुसरं कोणी तिथं नव्हतं. केशरबाई आपल्या घरात बसून हे सगळं ऐकत होती, कारण बैठक मुद्दाम तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं चालली होती.

पण वस्तीचं बोलणं तिला तितकं खात नव्हतं. खरं खात होता पुंजाजी. ज्या एका माणसाला तिनं कधी दोनदा विचारलं नव्हतं, तो. तिला गंज घरी आला तो दिवस आठवला. पुंजाजी खुशीत होता. बैलगाडीतून गंज उतरवताना म्हणाला होता, “घे, नाव झालं तुयं.” ती समजली होती, दोन वर्षं फिरलीस त्याचं चीज झालं, वस्तीत नाव झालं. आता ते बोलणं वेगळंच ऐकू यायला लागलं. नाव झालं म्हणजे नाव टाकलं. आणि हसला कशाला होता? दुसऱ्याच्या मुठीमुठीच्या ज्वारीवर बायकोचं नाव टाकलं म्हणून हसला होता का? तिच्या बापाला पाटलाच्या माणसानं फसवलं, तिला तिच्याच धन्यानं फसवलं. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. भिंतीकडे बघून ती मेलेल्या माणसाला इतकं वाईट बोलली, की ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला नवाच संशय आला, आणि त्या संशयानं तिला उठवून उभं केलं. पंचायतीनं गंजच बदलला असेल तर? नाव खोटं वाचलं असेल तर? इंद्रभानला आधीच फोडलं असेल तर? ती तडक पंचायतीच्या कचेरीत गेली. “मले माया डोयानं पाहू द्या.” ग्रामसेवक वैतागला, पण त्यानं खोली उघडली.

गंज तोच होता. बुडाची काजळी तीच, कड्याजवळचा पोचा तोच. केशरबाई खाली बसली आणि काठावर बोट ठेवलं. डोळ्यांना अक्षर कळत नव्हतं, बोटाला खड्डे कळत होते. ती उजवीकडून मागे मागे गेली. खड्डे, खड्डे, आणि मग एकदम गुळगुळीत. तिचं बोट थांबलं. तिथं वीतभर लांबीची तांब्याची पट्टी होती, चार रिपिटा मारून काठावर बसवलेली. आणि पट्टीला अगदी लागून, अर्धा तिच्या खाली दबलेला, एक बारीक ठिपका होता.

वच्छलाचं लग्न! पुंजाजी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. वाढप्यांच्या हातून गंज दगडावर पडला आणि काठ चिरला, तो कल्हईवाल्या युसूफनं तिथंच, लग्नाच्या गडबडीत सांधून दिला होता. केशरबाई उठली आणि तशीच बाजाराला निघाली. किन्हीराजाचा बाजार होता, आणि युसूफ भाता लावून बसलेला असणार.

युसूफला तिनं विचारलं, “पाच वर्सांमांगं माया गंजाले पट्टी मारली, तिच्याखाली काय हाय?”

युसूफचा हात भात्यावरच थांबला. तोही काही कमी संशयी नव्हता. कल्हईवाल्याला लोक काय काय म्हणतात, हे तो जन्मभर ऐकत आला होता. “बाई, कसम खुदा की, मी तांबं नाई खाल्लं. चीर होती, पट्टी मारली. वजन करून घ्या.”

“तांब्याचं कोन इचारून राह्यलं? अकशर होते का?”

“होते,” युसूफ म्हणाला. “लिखा हुआ कुछ होता. पन मराठी मले कुठी येते? मी इचारलं होतं तुमाले, यहाँ पे लिखा है, पट्टी मारू का. तुमी म्हनल्या, मार पन भात सांडू नोको.”

हे खरंच होतं. तिलाही ते आठवलं आणि तिनं भर बाजारात कपाळावर हात मारून घेतला. तिनं युसूफला दुकान आवरायला लावलं. तो कुरकुरला, गिऱ्हाईक जातं म्हणाला, पण तिनं भात्याच्या तोंडाशीच बसकण मारली तेव्हा त्याचा इलाज चालेना.

युसूफला घेऊन ती कचेरीत आली, तेव्हा ग्रामसेवकाला हा सगळाच बनाव वाटला. जप्तीतल्या वस्तूला हात लावता येत नाही, तो म्हणाला. केशरबाई म्हणाली, “तुमच्या समोर लावतो. पंच बलवा. इंद्रभानले बलवा, भागिरथेले बलवा. सारी वस्ती बलवा. मले एकटीले नाई पाह्याचं.” शेवटी पंचांना बोलावलं. वस्तीही आली, आणि लांब उभी राहिली. मदनसिंग दाराशी हाताची घडी घालून होता.

युसूफनं छिन्नी लावली. एक रिपीट निघाली, दुसरी निघाली. चौथी निघाली तशी पट्टी टणकन खाली पडली. तिच्याखालचं तांबं पाच वर्षं न काळवंडता राहिलं होतं. अक्षरं त्यात स्वच्छ उमटलेली होती, आणि त्यांच्यामधून केसासारखी चीर गेली होती.

ग्रामसेवक वाकला. या वेळी त्यानं घाई केली नाही.

“बौद्ध मंडळ, धावडखेडा,” त्यानं वाचलं. थांबला. “ह. केशरबाई पुंजाजी.”

“ह कायचा?” केशरबाईनं विचारलं.

“हस्ते. म्हणजे हातून. वस्तू मंडळाची आहे बाई. गोळा झाली तुमच्या हातून. तेवढ्यापुरतं तुमचं नाव.”

केशरबाई इंद्रभानकडे वळली. सवयच ती. “तू सांग. येगळं सांग.”

इंद्रभान पुढं आला, वाचलं, आणि त्याचा ताठपणा कुठल्या कुठं गेला. “हस्तेच हाय, मावशी. तुया हातून.”

भागिरथा रडायला लागली. वस्तीतला कोणी काही, कोणी काही बोलायला लागला. केशरबाईला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. ती गंजापाशी खाली बसली, त्या एका अक्षरावर बोट ठेवलं, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, “वच्छलाचे बाबा, मले सांगाचं तं होतं. मी तीन दिस तुमाले काय काय बोलली.” मग ती रडली. पुंजाजी वारला तेव्हासुद्धा चारचौघांत ती अशी रडली नव्हती, असं बाया नंतर म्हणत.

ग्रामसेवकानं गंज सोडल्याचा पंचनामा लिहिला. पण तो नियमाचा माणूस. “गंज सुटला, बाई. थकबाकी सुटली नाही. पुन्हा जप्ती निघेल.”

वस्तीनं वर्गणीचं काढलं. इंद्रभान स्वतः खिशात हात घालायला लागला. केशरबाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग होता, तो तिनं लपवला नाही. “परवा इचारलं होतं ना, कोनाचा गंज सोडवाचा? आता घर मायं हाय. माया घराचं मी पाहीन.” ती घरी गेली आणि पितळी घागर काढून आणली. माहेरची घागर, एकुलती. जप्तीत जी कोणी उचलू शकत नव्हतं, तीच तिनं आपल्या हातानं मोडीत विकायला युसूफच्या तराजूत ठेवली. वस्तीचा गंज ज्या घरात राहतो, त्या घरात पुन्हा जप्ती येऊ द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तराजू मात्र तिनं दोनदा रिकामा करून तपासला, आणि युसूफनं तो मुकाट्यानं तपासू दिला.

पैसे भरले. ग्रामसेवकानं पावती फाडून दिली. केशरबाईनं ती हातात घेतली, उलटी होती ती मदनसिंगनं सुलटी करून दिली. तिनं वाचायला कोणाला सांगितलं नाही. बोट कागदावर ठेवून ती हळूहळू पुढं सरकली. कागदावर खड्डे नव्हते, म्हणून डोळे बारीक करून बघावं लागत होतं. गर्दीतून ओळखीचा माणूस शोधावा तसं ती शोधत होती. एका ठिकाणी बोट थांबलं.

“हा ह हाय का?”

“हो,” ग्रामसेवक म्हणाला. “घर पुंजाजीच्या नावावर आहे. पैसे भरले त्याच्या नावानं. हस्ते केशरबाई.”

तिनं पावतीची घडी घालून कमरेला खोवली. गंजाच्या कड्यातून बांबू घातला होता. एका टोकाला इंद्रभान उभा होता, दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. कोतवाल निघून गेला होता. केशरबाईनं दाराशी उभ्या असलेल्या मदनसिंगकडे पाहिलं.

“उचला,” ती म्हणाली. “तुमीच आनला होता. आन घरी पोचल्यावर पानी देतो, त्या दिशी तसंच राह्यलं तुमचं.”

मदनसिंगनं बांबू खांद्यावर घेतला. भर दुपारी वस्तीपर्यंत गंज पोचवला. केशरबाईनं तांब्या पुढं केला आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तो खरंच पितो की नाही ते बघत.